दुसऱ्याच्या घरचं रडणं

त्या घरात मी पहिल्यांदा गेले ती एका कॉलेजच्या पोरीला ग्रीक महाकाव्य शिकवायला. नाशिकच्या बाईने कुवेतच्या मुलीला इंग्रजीतून ग्रीकांची लढाई शिकवायची! नवरा म्हणाला, "आता दोन चिनी आणि एक रशियन मिळाला की जत्रा पूर्ण." तो मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत आहे. सकाळी अंधारात बस पकडतो, संध्याकाळी दमून येतो आणि मग बसल्या बसल्या अशी मुक्ताफळं उधळतो. मी हवल्लीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. ओळखीतून ही शिकवणी आली आणि मला घरी बसून नवऱ्याचे विनोद ऐकण्यापेक्षा ते बरं वाटलं.

मुलगी हुशार होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिला निबंध लिहायचा होता, त्या महाकाव्यातल्या कैदी बायकांवर. विषय तिनेच निवडला होता, आणि निवडल्यावर पस्तावली होती. कारण त्या बायकांबद्दल काव्यात फारसं काही नाहीच. ग्रीक सैन्य एका शहराला वर्षानुवर्षं वेढा घालून बसलंय. बसून खायचं काय? मग आसपासची गावं लुटायची, पुरुष कापायचे, बायका उचलून आणायच्या आणि वाटून घ्यायच्या. शर्यतीत जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर तांब्याची भांडी, घोडे आणि बाई. मला हे शिकवताना दरवेळी संताप यायचा. मी तो लपवायचे नाही. लपवता येतच नाही मला, राग माझ्या नाकावरच बसलेला असतो.

"मिस, त्या पळून का जात नाहीत?" मुलीने विचारलं होतं.

"कुठे जातील?" मी म्हटलं. "ज्या घरी पळून जायचं ते घर जाळूनच तर त्यांना आणलंय."

तिने ते लिहून घेतलं. नेमका तेव्हा चहाचा ट्रे आला, आणि ट्रे आणणारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी मराठी? फोनार बोलताना आयकलंय. अगो बाय माझे! साखर किती घालू, वयनी?"

मी उडालेच. कुवेतच्या त्या संगमरवरी दिवाणखान्यात मालवणी! माझी मोठी जाऊ सावंतवाडीची, त्यामुळे मला मालवणी चांगली समजते, बोलता मात्र येत नाही. त्या दिवसापासून आमचं जमलं. ती मला वयनी म्हणायची, मी तिला ताई म्हणायचे. वयाने ती माझ्यापेक्षा थोडी मोठीच असेल. मालवणजवळच्या एका वाडीतली. नवरा गेला, मूलबाळ नाही, भावाने घर सांभाळायचं आणि हिने बाहेरून पैसे पाठवायचे असं ठरलं, आणि ती घरकामाच्या व्हिसावर इथे आली. इथे घरकामाच्या बायका मालकिणीला 'मामा' म्हणतात आणि मालकाला 'बाबा'. तिने मला हे सांगितलं तेव्हा दोघी खूप हसलो होतो. "माजो मामा मेलो तेका किती वर्सां झाली, हंय नवी मामा गावली," म्हणाली.

त्या घरात तिचं मुख्य काम म्हणजे म्हातारी. माझ्या विद्यार्थिनीची आजी, म्हणजे मामाची आई. खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत ती पडून असायची. दात नव्हते, अन्न जात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेली पातळ सुपं ती तोंडातून बाहेर काढायची. मग ताईने एकदा आपल्यासाठी केलेली पेज, भाताची, मीठ घातलेली, चमच्याने तिच्या ओठांना लावली. म्हातारीने ती चाटून पुसून संपवली, आणि त्यानंतर तिला पेजेशिवाय काही चालेना, आणि पेज ताईशिवाय कोणाच्या हातची चालेना. सगळ्या घराला तिचं कोण कौतुक! मामा मला दारातच सांगायची, "टीचर, ही आमच्यासाठी देवाने पाठवली." मामा वाईट बाई नव्हती हो. ती ताईवर कधी ओरडली नाही, पगार थकवला नाही, ईदला नवे कपडे करायची. पण ताईचा पासपोर्ट बाबांच्या कपाटात होता आणि करार संपून बरेच महिने झाले होते.

आणि मालवणात ताईची आई आजारी होती.

चहा द्यायला आली की ती तेवढंच बोलायची. आज खाल्लं, आज नाही खाल्लं, आज ओळखलं नाही. भाऊ फोन आईच्या कानाला लावायचा आणि ताई इकडून हाका मारायची. "माका एकदा तिका बघूक व्हयी, वयनी. डोळे मिटूच्या आदी. तिच्या तोंडात माझ्या हातचां पाणी पडाक व्हयां. बाकी माका काय नको." आमच्याकडेही हे असतं. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं, आणि ते लेकीने घातलं तर जीव शांत जातो, असं म्हणतात. तिला आईला वाचवायचं नव्हतंच. तिला फक्त ते पाणी घालायला वेळेत पोचायचं होतं.

मी मुलीमार्फत विचारून बघितलं. मुलगी खरंच बोलली आईशी. उत्तर आलं की जाऊ दे ना, जरूर जाऊ दे, पण आजी जरा सावरली की. आत्ता गेली तर आजी उपाशी मरेल. मग मी स्वतः मामाला गाठलं. माझ्या तोडक्यामोडक्या अरबीत म्हटलं, तिची आईपण आईच आहे. मामाने माझा हात हातात घेतला, तिचे डोळे भरून आले, म्हणाली, "मला कळत नाही का, टीचर? पण माझी आई तिच्या हातून जेवते." एका आईच्या बदल्यात दुसरी आई, असा हिशेब होता तो, आणि पासपोर्ट ज्याच्या कपाटात त्याच्याच बाजूने तो लागणार होता. घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, "मी काय केलं?" काही नाही केलं. कोणावर तरी ओरडायचं होतं.

तेव्हा आमच्या शिकवणीत नेमका तो प्रसंग आला होता. त्या अख्ख्या महाकाव्यात दोन सरदारांचं भांडण ज्या कैदी बाईवरून पेटतं, तिला बोलायला मिळतं एकदाच. छावणीतला एक योद्धा मेलाय, त्याच्या प्रेतावर पडून ती रडते. तो तिच्याशी दयेने वागायचा. तिचं ऐकून बाकीच्या कैदी बायकाही रडायला लागतात. आणि कवी तिथे सांगून टाकतो की रडत होत्या त्या मेलेल्याच्या नावाने, पण प्रत्येकीच्या मनात दुःख होतं ते आपापलं.

मुलीला हे पटेना. "म्हणजे नाटक करत होत्या?" ती म्हणाली. "मालकाला दाखवायला?"

"नाटक नाही गं," मी म्हटलं. "त्यांची माणसं मेली तेव्हा त्यांना रडू दिलं का कोणी? ज्यांनी मारली त्यांच्याच तंबूत राहायचं. मग जिथे रडायला परवानगी मिळाली तिथे रडून घेतलं."

तिने मान डोलावली, पण निबंधात लिहिलं की त्या रडण्यात खरेपणा नव्हता. मी खाली लाल रेघ ओढली. तिने ते वाक्य तसंच ठेवलं. हट्टी होती, मला आवडायची ती त्यासाठीच.

पुढच्या वेळी गेले तर ट्रे दुसऱ्याच मुलीने आणला. मी स्वयंपाकघरात डोकावले. ताई गॅसपाशी उभी होती, पेज ढवळत. माझ्याकडे बघून म्हणाली, "आवस गेली, वयनी."

मी पुढे झाले तशी ती मागे सरकली. "लागू नकात. माका सुतक." आणि मग स्वतःच हसली, फार विचित्र हसली. "हंय खंयचां सुतक? सकाळीच म्हातारेक न्हाणयलंय. पेज भरयली. तीन दिवस कोण माका बाजूक बसवतला?" लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं तीन दिवसांचं सुतक. गावी असती तर ओटीवर बसली असती, शेजारच्या बायकांनी आणून दिलेलं खाल्लं असतं, कोणी ना कोणी येऊन गळ्यात पडलं असतं. इथे ती ढवळत होती.

"रडलात तरी का, ताई?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "हंय कसां रडतलंय? आजारी माणसाच्या घरात रडूचां नसतां. म्हातारेक बाधात."

तिच्या वाडीत म्हणे तसंच मानतात. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय तिथे मोठ्याने रडून मरण बोलवायचं नाही. आणि मुकाट्याने डोळे पुसणं हे त्यांच्याकडे रडणं समजतच नाहीत. रडायचं ते हेल काढून, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचं एकेक आठवून सांगत. चार बायका जमल्याशिवाय ते होत नाही. मी ते जावेच्या माहेरी एकदा बघितलंय, तेव्हा मला ते नाटकी वाटलं होतं. शहाणपणा माझा. त्या स्वयंपाकघरात मात्र मला वाटलं, ही बाई आत्ता रडली नाही तर फुटेल. मी घरी येऊन आईला फोन लावला. आई माझी नाशिकला धडधाकट आहे, त्या दिवशी ती कुरडयांबद्दल बोलत होती. मी नुसती हं हं करत राहिले.

म्हातारी त्यानंतर फार दिवस राहिली नाही. दुपारी गेली. ताईच उशाशी होती. मामा वरून धावत येईपर्यंत शेवटचं पाणी, चमच्याने, ताईने घातलं होतं.

मी अझाला गेले. मयतानंतर तीन दिवस लोक भेटायला येतात, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. काळा पोशाख घालून, सांत्वनाचं अरबी वाक्य गाडीत घोकत घोकत गेले. आमच्या इथेच वाढलेल्या लेकीने मागच्या सीटवरून इंग्रजीत माझा उच्चार दोनदा सुधारला. दिवाणखान्यातलं फर्निचर काढून भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या. काळ्या कपड्यांतल्या बायका ओळीने बसलेल्या, मध्येच कोणी डोळ्यांना रुमाल लावायचं, सगळं शांत. ताई कडू कॉफीचे छोटे कप फिरवत होती. त्यांच्याकडे मोठ्याने रडणं बरं समजत नाहीत. देवाने दिलं, देवाने नेलं, त्याच्यावर तक्रार कशाला, असा त्यांचा विचार. मी वाक्य म्हटलं, मामाला मिठी मारली, आणि एका खुर्चीवर बसले.

मामाची एक वयस्कर मावशी आली तेव्हा ते झालं. ती आली आणि तिने ताईच्या गालावरून हात फिरवला, तूच ना ती, तूच सांभाळलंस ना माझ्या बहिणीला, असं काहीतरी म्हणाली. ताईच्या हातात कॉफीची किटली होती, ती तिने खाली ठेवली. आणि खाली बसून तिने हेल काढला.

"आये गे! माका टाकून खंय गेलंस गे! तुका पेज कोण भरवतला गे! तुझ्या खळ्यातली अबोली कोण येचतला गे आये! तुझां चेडू परमुलखात गे! तुझ्या तोंडात पाणी घालूक तुझां चेडू नाय गे!"

कुवेतच्या त्या घरात अबोली कुठली? खळं कुठलं? त्या एवढ्या बायकांत ते कळणारी मी एकटी. कोणीतरी शूः म्हटलं, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. पण मामा उठली, सगळे रीतिरिवाज बाजूला ठेवून खाली बसली, ताईला कवटाळलं, आणि तीही रडायला लागली. मग मावशी. मग बाकीच्या. अख्खा दिवाणखाना रडत होता. माझी विद्यार्थिनी भिंतीपाशी उभी राहून बघत होती, ताईकडे, मग माझ्याकडे.

निघताना मामाने मला दारात थांबवलं. डोळे सुजलेले, चेहऱ्यावर मात्र एक समाधान. म्हणाली, "बघितलंस ना, टीचर? तिची स्वतःची आई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस नाही आलं. मीच सांगितली होती तिला बातमी. 'झेन, मामा,' बरं मामा, एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, या लोकांची काळजं घट्ट असतात. आणि माझ्या आईसाठी बघ कशी रडली! आता कसं सोडू मी तिला? ती आमच्याच घरची आहे. मावशीलाही कोणीतरी हवंय आता."

माझं डोकंच फिरलं. अरबी, इंग्रजी, मराठी, जी भाषा तोंडात येईल तिच्यात मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मामाच्या मागून, कॉफीचे रिकामे कप गोळा करत, कोणाकडेही न बघता ताई म्हणाली, "वयनी, ऱ्हवांदे. आज तिची आवस गेलीहा. तिका बरां वाटता ता वाटांदे."

मी तोंड मिटलं. आयुष्यात फार कमी वेळा मिटलंय.

शिकवणी पुन्हा सुरू झाली तेव्हा मुलीने पुस्तक उघडलंच नाही. म्हणाली, "मिस, ती काय म्हणत होती?" मी म्हटलं, कोण. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे कोण. तुम्हाला कळत होतं. मी तुमचं तोंड बघत होते."

मग मी सांगितलं. ओळ न् ओळ. अबोली म्हणजे काय ते सांगितलं, खळं म्हणजे अंगण, चेडू म्हणजे लेक ते सांगितलं, पाण्याचं सांगितलं. सुतकाचं, आजारी माणसाच्या घरात न रडण्याचं. आजीला बाधू नये म्हणून ती रडली नव्हती, हेही सांगितलं. मुलगी आपला निबंध उघडून, मी लाल रेघ मारलेलं ते वाक्य बघत बसली. मग उठून आत आईकडे गेली. मी बराच वेळ एकटीच बसले होते. आतून बोलण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

आठवड्याभरात ताईचं तिकीट निघालं. पासपोर्ट कपाटातून बाहेर आला. विमानतळावर मामा स्वतः सोडायला गेली, म्हातारीची काळी शाल तिने ताईच्या बॅगेत घातली. मला फक्त एकदा म्हणाली, "टीचर, तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तिनेच नको म्हटलं. तुमची आई गेली होती ना." नंतर आमच्यात हा विषय कधी निघाला नाही.

मला वाटलं, सुटली. नवऱ्याला मी शिरा करून घातला त्या दिवशी. ग्रीकांच्या छावणीतून एक तरी बाई घरी पोचली म्हणून, असं म्हटलं तर तो हसला, पण शिरा त्याने मागून घेतला.

महिना-दीड महिन्याने शिकवणीला गेले, आणि चहाचा ट्रे घेऊन ताई आली.

ट्रेमध्ये चहाबरोबर बशीत खटखटे लाडू होते, गावचे. मुलगी आत पुस्तक शोधायला गेली होती. मी म्हटलं, "अहो ताई! परत कशाला आलात? कोणी बोलावलं?"

"कोणी नाय. माझी मी इलंय." ती खाली बसली, गालिच्यावर, माझ्या पायाशी. मी वर बसा म्हटलं तर ऐकेना. "ता भावाचां घर, वयनी. आवस होती तवसर माझां होतां. आवशीची खाट काढून थंय तेणी फ्रीज ठेवलोहा."

मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पण तेचां काय नाय," म्हणाली. "मी येतलंय म्हणान वाडीतल्यो बायका थांबल्यो होत्यो. बारावा होवन गेला तरी थांबल्यो. मी दारात पाय ठेवलो तशो धावत इल्यो, गळ्यात पडल्यो, हेल काढल्यानी. आणि माका रडाकच येवक नाय, वयनी. किती केलां तरी येवक नाय. डोळे कोरडे. सगळां हंयच रडान झालां होतां मां, ह्येंच्या म्हातारेवांगडा. त्यो बायका एकमेकीच्या तोंडाकडे बगूक लागल्यो. आवशीच्या दारात लेक रडना नाय! सगळी वाडी म्हणाली, कुवेतात जावन हिचां काळीज दगडाचां झालां."

आत मुलीच्या पावलांचा आवाज येत होता. मी हातातला कप खाली ठेवला, आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, लहान पोरासारखं, त्या परक्या दिवाणखान्यात. आवरेचना.

ताईने पदराने माझं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली.

"गे बाय, तुमी कित्याक रडतास?" म्हणाली. "तुमची आवस बरी आसा मां?"